टीव्ही हॉलमध्ये, आवाज घरभर : सोनोस बीम आणि एरा १०० यांची पारख

खोक्यावर 'मल्टिरूम' छापलंय म्हणून तो स्पीकर टीव्हीचा आवाज दुसऱ्या खोलीत वाजवेलच, असं धरून चालू नका. बहुतेक कंपन्यांच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ 'एकच गाणं सगळ्या खोल्यांत' एवढाच असतो. गाण्याला घाई नसते. स्पीकर पुढचं थोडं गाणं आधीच साठवून ठेवतात, आपापसांत घड्याळं जुळवतात आणि मग एकदम सुरू होतात. त्यात दोन सेकंद गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही. टीव्हीचं मात्र तसं नाही. पडद्यावर ओठ हलले की आवाज आलाच पाहिजे, मग साठवायला वेळ कुठून आणणार? त्यामुळे या कामासाठी स्पीकर निवडताना बास किती घुमतो हा प्रश्न दुसरा. संच वेळेचं गणित कसं सोडवतो, हा पहिला.

इथे तपासलेला संच असा : हॉलमध्ये टीव्हीखाली सोनोस कंपनीचा बीम हा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर (२०२१ साली आलेली दुसरी पिढी), आणि स्वयंपाकघरात व बेडरूममध्ये त्याच कंपनीचा एकेक एरा १०० हा छोटा स्पीकर (२०२३). निकाल आधीच सांगून टाकतो. कणीक मळताना बातम्या किंवा सामन्याचं समालोचन कानावर पडत राहावं एवढीच अपेक्षा असेल, तर तयार मिळणाऱ्या संचांत सगळ्यांत कमी कटकटीचा हाच. पण हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दारच नसेल, तर पैसे मोजण्याआधी पुढचे दोन परिच्छेद नीट वाचा.

चित्र आणि आवाज यांच्यात किती अंतर चालतं, याचे आकडे प्रसारणवाल्यांनी कधीच ठरवून ठेवलेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला ते जाणवायला लागतं. ९० पुढे किंवा १८५ मागे गेला की खपवून घेता येत नाही. आवाज मागे पडलेला आपल्याला जास्त चालतो, कारण निसर्गातही तो मागूनच येतो. हवेत एक मीटर जायला त्याला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात. पण हे झालं एका खोलीपुरतं, पडदा समोर असताना. तोच आवाज दोन ठिकाणांहून कानावर येऊ लागला की कान फार कडक होतो. दोन्ही आवाजांत ३० ते ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की बोलणं दुहेरी ऐकू यायला लागतं. म्हणजे १०० मिलिसेकंदांचा उशीर टीव्हीसमोर बसलेल्याला कळणारही नाही, पण दोन खोल्यांच्या मध्ये उभ्या असलेल्याला निवेदिकेचा 'नमस्कार' दोनदा ऐकू येईल.

वाय-फायवरून आवाज पाठवायचा तर थोडा साठा ठेवावाच लागतो, नाहीतर मध्ये मध्ये तुटतो. सोनोसने यावर काढलेला मार्ग सरळ आहे. टीव्हीजवळचा बीम चित्राबरोबर वाजणार, बाकीच्या खोल्या थोड्या मागून येणार. वेगळ्या तारेने लाइन-इनमधून (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेतून) आवाज दिला, तर सोनोसचा ठरलेला कमीत कमी उशीर ७५ मिलिसेकंदांचा आहे. ७५ मिलिसेकंद म्हणजे पंचवीस मीटर लांबून आलेला आवाज. दार बंद करता येणाऱ्या बेडरूममध्ये याने काडीचाही फरक पडत नाही. उघड्या स्वयंपाकघरात पडतो.

जोडणी सोपी आहे, पण घाई करू नये. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय खाचा असतात, त्यांतल्या एकीवरच 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं. टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारी खाच तीच. बीमची वायर तिथेच लावायची. दुसऱ्या खाचेत लावली तर आवाज येणारच नाही आणि संध्याकाळ राउटरला दोष देण्यात जाईल. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने जोडलेली उपकरणं चालवण्याची सोय, चालू करा. या सोयीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय : सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. हे चालू नसेल तर टीव्हीच्या रिमोटने बीमचा आवाज कमी-जास्त होत नाही. मग ध्वनी बाहेर पाठवण्याच्या पर्यायात टीव्हीचे आतले स्पीकर बंद झालेत ना, ते बघा. 'आवाज घुमतोय' अशी तक्रार करणाऱ्यांकडे बऱ्याचदा टीव्ही आणि साउंडबार एकाच वेळी वाजत असतात, दुसऱ्या खोलीचा त्यात काही संबंध नसतो.

एवढं झालं की सोनोसच्या अॅपमध्ये बीम आणि दोन्ही एरा जोडून त्यांना खोल्यांची नावं द्या. नावं साधी ठेवा. 'किचन' आणि 'किचन नवा' अशी नावं ठेवणाऱ्याला पुढे दर वेळी चुकीचा स्पीकर निवडण्याचं पुण्य लाभतं. टीव्ही चालू करून आवाज बीममधून येऊ द्या, अॅपमध्ये सगळ्या खोल्यांची यादी उघडा, बीमच्या गटात स्वयंपाकघर टाका. क्षणभरात तिथे आवाज सुरू होतो. गटाच्या पट्टीने सगळ्या खोल्यांचा आवाज आपापल्या प्रमाणात वर-खाली होतो. एराच्या डोक्यावरच्या पट्टीवर बोट फिरवलं तर फक्त त्याच खोलीचा होतो.

आता या संचातली सगळ्यांत त्रासदायक सवय. आज गट केला, छान चाललं. उद्या टीव्ही लावला तर स्वयंपाकघर गप्प. स्पीकर बिघडलेला नसतो. टीव्हीचा आवाज सुरू झाला की बीमने आधीच्या गटातून आपोआप बाहेर पडायचं, अशी मुळातच सेटिंग असते. बेडरूममध्ये कुणी गाणी ऐकत असताना हॉलमधल्या टीव्हीने त्यांच्या कानावर आदळू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण आपल्या कामाच्या नेमका उलटा. बीम ज्या खोलीत आहे तिच्या सेटिंगमध्ये टीव्ही आपोआप सुरू होण्याच्या पर्यायाजवळच गट सोडण्याचा पर्याय असतो. तो बंद करा, म्हणजे गट टिकतो. कंपनीने हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. निम्मे लोक तो पर्याय सापडण्याआधीच वैतागून जातात.

तिथेच जवळपास गटातल्या आवाजाचा उशीर ठरवणारी आणखी एक पट्टी आहे. स्वयंपाकघरात आवाज मध्ये मध्ये तुटत असेल तर हा उशीर वाढवायचा असतो. साठा वाढतो, तुटणं थांबतं, पण दोन खोल्यांतलं अंतरही वाढतं. म्हणून आधी वाय-फाय सुधारा, पट्टी शेवटी. याच्याशी गल्लत करू नये अशी दुसरी सोय म्हणजे संवाद चित्राशी जुळवण्याची. ती आवाज मागे ढकलते, पुढे आणू शकत नाही. आवाज आधीच मागे असेल तर ती हलवून काहीच साधत नाही.

आवाज मागे असेल तर तपासायची जागा वेगळी आहे. टीव्हीत 'डिजिटल आवाजाचा विलंब' किंवा 'एव्ही सिंक' अशी सेटिंग असते, ती शून्यावर आणा. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला काही मिलिसेकंद घेतो आणि तेवढाच आवाजही रोखून धरतो. तो रोखलेला वेळ आपल्याला परत हवा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा प्रकार. डॉल्बी डिजिटल या पद्धतीत आवाज दाबून तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे फ्रेमांनी, पाठवतात. एक फ्रेम आवाजाच्या १,५३६ नमुन्यांची असते. ४८ किलोहर्ट्झला तिचे ३२ मिलिसेकंद होतात, आणि फ्रेम पूर्ण हाती आल्याशिवाय ती उलगडता येत नाही. टीव्हीचा डिजिटल आवाज 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर (न दाबलेल्या आवाजावर) आणला की ही फ्रेम बांधण्या-सोडण्यातली वाट बघणं टळतं. बदल्यात साध्या एआरसीवर पाच-एकचा, म्हणजे सहा वाहिन्यांचा, सराउंड जाऊन दोन वाहिन्यांचा आवाज उरतो. बातम्या आणि मालिकांसाठी हा सौदा फायद्याचा. सिनेमाच्या रात्री परत 'ऑटो'. नाहीतरी लांबच्या एराला दोन वाहिन्यांपलीकडे काही वाजवायचं नसतंच.

उघड्या स्वयंपाकघरातलं दुहेरी बोलणं पूर्ण जात नाही, पण जागा बदलून पुष्कळ कमी होतं. दोन आवाजांपैकी जो जवळचा आणि मोठा, त्याला कान धरून ठेवतो. म्हणून एरा फ्रिजवर किंवा दाराजवळच्या फडताळावर ठेवू नका. ओट्याशी, काम करणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर ठेवा, तोंड दाराकडे करू नका. एवढ्या जवळून हळू आवाजही कानाला मोठा लागतो, म्हणून तो हॉलपेक्षा बराच हळू ठेवा. शेगडीची वाफ आणि सिंकचे शिंतोडे मात्र टाळा, एरा १०० पाण्यासाठी बनवलेला नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनपासूनही लांब. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट करतो, आणि दूध तापवताना नेमका विकेट पडल्याचा आवाज गायब होण्याचं कारण अनेकदा तेच असतं. एरा ५ गिगाहर्ट्झवर जोडला गेला तर हा त्रास संपतो.

वाय-फायबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. महागडी, जास्त वेगाची जोडणी घेऊन इथे उपयोग नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा दोन वाहिन्यांचा आवाज अजिबात न दाबता पाठवला तरी सेकंदाला दीड मेगाबिट लागतात. शिवाय हा आवाज घरातल्या घरात फिरतो, इंटरनेटवरून येत नाही. लागतो तो नियमितपणा. आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटं, वेळच्या वेळी पोचली पाहिजेत. म्हणून शक्य असेल तर बीमला इथरनेटची तार लावा. गटाला आवाज वाटणारा तोच असल्यामुळे एक बिनतारी टप्पा कमी होतो. राउटर आणि स्पीकर यांच्यात निदान एक मीटर अंतर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल ते निवडा. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर स्पीकर टाकू नका. तिथली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते, त्यामुळे गट जमतच नाही. जुने सोनोसवाले सोनोसनेट हे स्पीकरांचं आपापसातलं जाळं वापरतात. एरा त्यात येत नाही, त्याला घरचा वाय-फायच लागतो. तारेने जोडायचा तर अॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि एवढ्या किमतीच्या स्पीकरला ही कंजुषी शोभत नाही.

अॅपबद्दल एक इशारा. मे २०२४ मध्ये सोनोसने अॅप नव्याने बनवून आणलं, जुन्या कितीतरी सोयी त्यात गायब होत्या, आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्यानंतर डागडुजी पुष्कळ झाली. पण या संचात अॅपशिवाय पान हलत नाही हे खरं, आणि घरात फोन न वापरणारं कुणी असेल तर त्यांना गट करणं-मोडणं जड जाईल. गट कायमचा ठेवून स्वयंपाकघराचा आवाज एराच्या पट्टीनेच बंद-चालू करायचा, हा त्यावरचा सोपा उपाय.

आता पर्याय. यांतला एक सोनोसच्याच स्पीकरांवर चालतो आणि दुहेरी आवाजाचा प्रश्न मुळातून सोडवतो. तो म्हणजे अॅपल टीव्हीचा डबा. बीम आणि एरा दोन्हींना एअरप्ले २, म्हणजे अॅपलची बिनतारी आवाज पाठवण्याची सोय, येतं. अॅपल टीव्हीवर सिनेमा लावा, रिमोटवरचं टीव्हीचं बटण दाबून ठेवून नियंत्रण पटल उघडा, एअरप्लेच्या खुणेवर जाऊन हवे तेवढे स्पीकर निवडा. इथे युक्ती उलटी आहे. आवाजाला घाई करण्याऐवजी डबा चित्रालाच थांबवून ठेवतो. सगळे स्पीकर तयार झाले की चित्र आणि आवाज एकदम सोडतो. ओठही जुळतात, खोल्याही जुळतात. दारात उभं राहिलं तरी एकच बोलणं ऐकू येतं. किंमत अशी की थांबवा-सुरू करा ही बटणं किंचित उशिरा लागू होतात, खेळ खेळणं अशक्य होतं, आणि हे सगळं फक्त त्या डब्यावर चाललेल्या गोष्टींपुरतं. सेट-टॉप बॉक्सचं चित्र अॅपल टीव्हीच्या हातात नसतं, त्यामुळे ते त्याला थांबवता येत नाही. जे घर सगळं त्या डब्यावरच्या अॅपमधूनच बघतं, त्याने बिनदिक्कत हा मार्ग धरावा.

यामाहा कंपनीची म्युझिककास्ट ही मल्टिरूम सोय या बाबतीत प्रामाणिक आहे. साउंडबारला किंवा रिसीव्हरला आलेला टीव्हीचा आवाज दुसऱ्या खोलीत पाठवताना खोल्यांचा मेळ हवा की ओठांचा, हे ती सेटिंगमध्ये चक्क विचारते. दोन्ही एकदम मिळणार नाहीत हे उघडपणे सांगितलेलं बरं. ज्यांच्याकडे आधीच तारेचे चांगले स्पीकर आहेत त्यांनी विम कंपनीचा अँप्लिफायर, विम अँप, बघावा. त्याला एचडीएमआय एआरसी आहे आणि विमचे बाकीचे डबे गटात घेता येतात. मात्र गट केला की उशीर इथेही येतोच.

गूगल आणि अलेक्साच्या स्पीकरांकडून या कामाची अपेक्षा ठेवू नका. दोघांचे गट संगीतासाठी आहेत. अॅमेझॉनच्या फायर टीव्हीच्या डब्याशी इको (अलेक्साचे स्पीकर) जोडता येतात, पण ते टीव्हीच्याच खोलीतल्या होम थिएटरसाठी. घरभर पसरायला नाही.

ब्लूटूथ स्वस्तात पडतं म्हणून लोक आधी तिकडे वळतात. साध्या एसबीसी कोडेकने (कोडेक म्हणजे आवाज दाबण्या-उलगडण्याची पद्धत) आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडतो, म्हणजे वर दिलेल्या मर्यादेच्या काठावर किंवा पार. टीव्हीला ऑप्टिकल तारेने जोडायचे ब्लूटूथ प्रेषक मिळतात. त्यांवर 'एपीटीएक्स लो लेटन्सी' लिहिलेलं असेल तर उशीर चाळीसच्या आसपास येतो, पण अट अशी की समोरच्या स्पीकरलाही तोच कोडेक आला पाहिजे. बहुतेक ब्लूटूथ स्पीकरांना तो येत नाही. खरेदीची चूक होते ती इथेच. दोन स्पीकर वेगवेगळ्या कोडेकचे असले तर प्रत्येकाचा उशीर वेगळा, आणि तो जुळवायची पट्टी कुठेच नाही. पुन्हा मध्ये एक-दोन भिंती आल्या की दहा मीटरचा पल्ला कागदावरच राहतो. ऑराकास्ट हा ब्लूटूथचा नवा प्रकार २०२२ साली जाहीर झाला. एक प्रेषक हव्या तेवढ्या स्पीकरांना एकाच वेळी आवाज देऊ शकतो, त्यामुळे दिशा बरोबर आहे. पण टीव्ही आणि स्पीकर दोन्ही ऑराकास्टचे असून एकमेकांशी पटतात का, हे दुकानात प्रत्यक्ष जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि तार? स्वयंपाकघर हॉलला लागून असेल, वायरिंगची पट्टी बसवायला घरातल्यांची हरकत नसेल, तर टीव्हीला जोडलेला एक साधा अँप्लिफायर, त्याच्या 'ए' जोडणीवर हॉलचे स्पीकर, 'बी' जोडणीवर स्वयंपाकघरातले दोन छोटे स्पीकर आणि पंधरा मीटर स्पीकरची वायर हा सगळ्यांत जुना आणि आजही सगळ्यांत अचूक उपाय आहे. दोन्ही खोल्यांतला उशीर अगदी सारखा, वाय-फायची गरज नाही, अॅप नाही, अपडेट नाही. १५ मीटरला ८ ओमच्या स्पीकरसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. अँप 'ए' आणि 'बी' एकदम चालवताना किती ओमपर्यंत झेपतो, ते त्याच्या पाठीवर छापलेलं असतं. दोन ८ ओमचे स्पीकर समांतर लागले की अँपला ४ ओम दिसतात. स्वयंपाकघराचा आवाज वेगळा कमी-जास्त करायचा तर ओट्याजवळच्या भिंतीवर स्पीकरचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवा. फॅनचा रेग्युलेटर त्या जागी लावू नका, कोणी सुचवला तरी.